सहा हुक आणि बाकीचं विश्व

आमच्या शाळेच्या गच्चीवर एक तारांगण आहे. शनिवार पेठेत, चारी बाजूंनी इमारती, खाली सायकली लावायला जागा नाही, आणि वर साठ खुर्च्यांचं विश्व. पन्नासेक वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने देणगी दिली, तेव्हा शाळेला खरं तर मुताऱ्या हव्या होत्या. पण देणगीदाराला आकाशच द्यायचं होतं. मग आकाश आलं. मुताऱ्या त्यानंतर बारा वर्षांनी झाल्या.

या तारांगणाचा कारभार रझिया अत्तार पाहतात. मुलं त्यांना मावशी म्हणतात, मी रझियाताई म्हणते आणि हजेरीपत्रकात त्या शिपाई आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे आकाशाबद्दल बोलायचा अधिकार कागदोपत्री माझा. पण आमच्या कुठल्याही मुलाला गुरू ग्रहाबद्दल विचारा, तो सांगेल ते माझं नसतं, रझियाताईंचं असतं.

१९९६ साली त्या लागल्या तेव्हा त्यांचं काम होतं झाडलोट, घंटा आणि पाण्याची टाकी. तारांगण चालवायचे रंगनाथकाका. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि विश्व कुणाच्या ताब्यात द्यायचं हे ठरत नव्हतं. शिक्षकांपैकी कुणी तयार होईना, कारण वर पंखा एकच होता. शेवटी घुमटातली जळमटं काढायला आलेल्या रझियाताईंनाच काकांनी यंत्र दाखवलं. यंत्र म्हणजे भोकं पाडलेला एक काळा गोळा आणि आत दिवा. दिवा लागला की भोकांतून तारे घुमटावर पडायचे.

"म्हणजे चाळणी," रझियाताई म्हणाल्या.

काका जपानी यंत्राबद्दल बरंच काही सांगणार होते. पण ते एवढंच म्हणाले, "हो. चाळणीच."

निवेदनाची एक कॅसेट होती. ती दुसऱ्याच वर्षी टेपरेकॉर्डरने गिळली. नवीन कॅसेटचा अर्ज वर गेला, तो अजून विचाराधीन आहे. तोवर रझियाताई स्वतःच बोलायला लागल्या.

"हा गुरू. सगळ्यात मोठा. पण जाऊन उपयोग नाही, उभं राहायला जमीनच नाही. नुसता गॅस."

"हा चंद्र. रोज पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तरी याच्या मस्टरवर कुणी लाल शेरा मारत नाही."

"हा शनी. आपल्या पेठेचा."

पावसाळ्यात विश्वाला गळती लागायची. ध्रुवताऱ्याच्या डाव्या हाताला खाली त्या बादली ठेवायच्या आणि मुलांना आधीच सांगायच्या, की टपटप आवाज येईल तो ताऱ्यांचा नाही. एकदा एक पाल सिंह राशीतून कन्या राशीत चालत गेली, तेव्हा त्यांनी त्याची वेळही सांगितली. दारावर त्यांनी स्वतः लिहिलेली पाटी होती: 'विश्व १ ते २ बंद. डबा.' शिक्षण खात्याचे एक साहेब ती पाटी बघून दहा मिनिटं बाहेर उभे राहिले होते. दोन वाजल्यावरच आत गेले.

पाच वाजता शाळा सुटली की शंभर वर्षं जुन्या 'नव्या पुला'वरून चालत त्या मनपाच्या थांब्यावर जायच्या आणि खडकीची बस पकडायच्या. खडकी बाजारात त्यांचे यजमान गुलजारभाई यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक मशीन, इस्त्री आणि दोघांना बसायला जेमतेम जागा. दारूगोळा फॅक्टरीतल्या लोकांचे गणवेश, आसपासच्या बायकांचे ब्लाऊज. रझियाताईंना कापायला येत नव्हतं, शिवायलाही येत नव्हतं. त्या फक्त शेवटचं काम करायच्या: काज, बटण, हुक. बसमधून उतरल्यावर दीड-दोन तास त्या तिथे बसायच्या. दोघं सतत भांडायचे. गिऱ्हाईक आलं की थांबायचे, गेलं की जिथे सोडलं तिथून पुढे.

गुलजारभाई आयुष्यात एकदाच तारांगणात आले. खेळ सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला झोपले. उठल्यावर म्हणाले, "फार छान. पुन्हा येईन."

२०२२ मध्ये आणखी एका माजी विद्यार्थ्याने नवीन यंत्र दिलं. हा परदेशातला. चाळणी खोक्यात गेली आणि तिच्या जागी संगणक आला. त्याच्याबरोबर अठ्ठावीस मिनिटांची फिल्म. घुमटभर रंगीत तेजोमेघ फिरायचे आणि एक भारदस्त पुरुषी आवाज बोलायचा. रझियाताईंचं काम आता हिरवं बटण दाबणं आणि अठ्ठावीस मिनिटं गप्प बसणं. यातलं दुसरं त्यांना जड जायचं.

"आवाज चांगला आहे," पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या. "पण हा माणूस घरी कुणाशी बोलत नसणार."

फिल्मचा शेवट एकोणिसाव्या मिनिटापासून सुरू होतो. प्रत्येक दीर्घिका दुसरीपासून दूर जाते आहे. तुम्ही पाहताय ते तारे कदाचित केव्हाच विझलेले आहेत. या अथांग पसाऱ्यात पृथ्वी म्हणजे धुळीचा कण आणि त्या कणावर क्षणभर जगणारे आपण कुणीच नाही. 'कुणीच नाही' नंतर मोठी शांतता आणि मग व्हायोलिन. दिवसातून चार खेळ. म्हणजे आपण कुणीच नाही हे रझियाताईंना रोज चारदा कळवलं जायचं. त्या वेळी त्या घुमटाखाली बसून पावट्याच्या शेंगा सोलायच्या.

पुढच्या जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता गुलजारभाई मशीनवर बसल्या बसल्या गेले. एका पँटची शिलाई निम्म्यावर होती. शेजारच्या दुकानदाराला वाटलं डुलकी लागली, कारण ती लागायचीच. अर्ध्या तासाने त्याने हाक मारली.

आम्ही सगळे जाऊन आलो. नवरा गेल्यावर पाळायची इद्दत असते, चार महिने दहा दिवस. तेवढे दिवस रझियाताई घरी होत्या. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला हजर झाल्या, नेहमीसारखी केळ्यांची दोन सालं जिन्यातून उचलली, मुलांना ओरडल्या. मला वाटलं, बरं झालं, सावरल्या.

पहिला खेळ सहावीचा होता. मी मुलांबरोबर वर होते. दिवे गेले, तेजोमेघ आले, आवाज बोलू लागला. एकोणिसाव्या मिनिटाला दीर्घिका एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या आणि खटकन सगळे दिवे लागले. घुमट पांढरा फटक. साठ मुलं डोळे चोळत मागे वळली.

"मावशी, संपलं?" एकाने विचारलं.

"हो," रझियाताई म्हणाल्या. "संपलं. रांगेत उतरा."

मुख्याध्यापिका देवस्थळीबाईंना मी यंत्रातला बिघाड सांगितला. मग प्रयोगशाळेत गेले. रझियाताई स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर.

"बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ते सगळं मी वर्षभर ऐकतेय. ऐकलं आज. एवढ्या मोठ्या कारभारात खडकीतला एक शिंपी गेला, तर कुठे काही फरक पडतो का?"

विज्ञानाच्या शिक्षिकेने खरं बोलावं असा माझा समज होता. मी म्हटलं, "तसं बघितलं तर नाही."

त्यांनी मान हलवली. एवढं खरं बोलायची काही गरज नव्हती हे मला जिना उतरताना कळलं. परत वर जायला मात्र मला लाज वाटली.

त्यानंतर त्यांनी तारांगणाची किल्ली माझ्याकडे दिली आणि खालचं काम मागून घेतलं. घंटा, पाणी, फाटक. किल्ली देताना म्हणाल्या, "गुडघे दुखतात." गुडघे तेव्हा व्यवस्थित होते. वर मी जायला लागले आणि हिरवं बटण मी दाबायला लागले.

त्या महिन्यात काय चाललं होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मोठं काही सहनच होईना. पुलावरून जाताना नदीकडे बघवेना. खडकीला उतरल्यावर समोर मैदान आणि त्यावर एवढं आभाळ, तर त्या छत्री उघडून चालायच्या, पाऊस नसला तरी. घरी भाजी चिरायला घेतली की वाटायचं, सूर्यच पुढे विझणार आहे, त्यात ही दोडक्याची भाजी कशाला. चहा करायच्या आणि तो पातेल्यात गार व्हायचा. तो कोण पितंय आणि कोण बघतंय.

मदत करायला माणसं कमी नव्हती. देवस्थळीबाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आत्मा अमर असतो. नाना पेठेतल्या चुलतभावाने सांगितलं की वरच्याने सगळं आधीच लिहून ठेवलंय. शाळेत महिन्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या की काळ हेच औषध आहे. आत्मा, नशीब, काळ. आधीच एवढ्या मोठ्या पसाऱ्याने जीव दबलेला, आणि जो येईल तो वर आणखी काहीतरी अवाढव्य ठेवून जात होता.

त्यांची मुलगी मिसबा हडपसरला राहते, आयटीत आहे. ती आईला आठ दिवसांसाठी घेऊन गेली. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळ्या बाजूंनी काच.

"पोरीचं मन मोठं," रझियाताई सांगतात, "पण तिने मला नेऊन ठेवलं कुठे, तर विश्वाच्या आणखी जवळ."

मिसबाने त्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅपही टाकून दिलं. त्यातली बाई श्वास घ्या, धरा, सोडा असं सांगते.

"अम्मी, फक्त पाच मिनिटं. रिलॅक्स व्हायचं."

"छप्पन वर्षं आपोआप चाललाय तो," रझियाताई म्हणाल्या. "आता हिच्या हुकमाने घ्यायचा. आणि बॅटरी संपली तर?"

मिसबा हसली आणि मग रडायला लागली. रझियाताईंना तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात उठला नाही, असं त्या म्हणाल्या. त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. आठवा दिवस उजाडायच्या आत दुकान मोकळं करायचं निमित्त सांगून त्या खडकीला परतल्या.

दुकान खरंच मोकळं करायचं होतं. जानेवारीपासून शटर बंद. आत लोकांचे कपडे अडकलेले, आणि लोक भीडेने मागत नव्हते. जुलैतल्या एका बुधवारी शाळेतून आल्यावर रझियाताईंनी शटर उघडलं. अर्धवट शिवलेली पँट तशीच मशीनवर होती. त्या आत गेल्या, स्टुलावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. किती वेळ ते त्यांना माहीत नाही.

मग दारात सरुबाई आल्या.

सरुबाई बोपोडीच्या. वय सत्तरीपुढे, फॅक्टरीच्या क्वार्टरांत भाजी विकण्यात हयात गेलेली. भीड ही गोष्ट त्यांच्याकडे कधी नव्हती.

"उघडलंस व्हय. बरं झालं. माझा ब्लाऊज दे."

रझियाताईंनी वर बघितलं. "सरुबाई, ते गेले."

"म्हाईत हाय की. मी आलते तवा. रडलेबी. चांगला मानूस हुता, वेळेवर कधी देत न्हवता, पर चांगला हुता. ब्लाऊज कुठं हाय?"

रझियाताईंनी उठून पिशव्या चाळल्या. ब्लाऊज सापडला. मोरपंखी, बाही लांब. शिवून झालेला, फक्त हुक नव्हते.

"शिलाई झाली आहे. हुक राहिलेत."

"मग लाव की."

"माझ्याने आता होणार नाही, सरुबाई. तुम्ही दुसरीकडून लावून घ्या."

"दुसरीकडं कशाला? तुझे हुक निघत न्हाईत. त्यानं लावलेले दोन धुण्यांत निघायचे, टिकायचे ते आतून तू लावलेले, म्हाईत हाय मला. शुक्रवारी भाचीचं डोहाळजेवान हाय. मी काय ब्लाऊजला टाचन्या मारून जाऊ?"

एवढं बोलून सरुबाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि पाय लांब केले. ब्लाऊज घेतल्याशिवाय त्या हलणार नाहीत हे उघड होतं. त्यांना हाकलायला जेवढा जोर लागला असता, त्यापेक्षा हुक लावायला कमी लागणार होता. रझियाताईंनी डबा उघडला.

सुईत दोरा जाईना. एकदा, दोनदा, तीनदा. चष्मा घरी राहिला होता.

"टोक चाव," सरुबाई म्हणाल्या.

"चावलं."

"मग उजेडाकडं धर. आभाळाकडं, हां, आसं."

त्या महिन्याभरात रझियाताईंनी पहिल्यांदा आभाळाकडे तोंड केलं, ते सुईच्या नेढ्यातून. दोरा गेला.

हुक लावायचा म्हणजे आधी पट्टीवर जागा बघायची. मग खालच्या दोन गोल कड्यांत तीन-तीन टाके, मग चोचीच्या मुळाशी दोन, म्हणजे हुक उलटत नाही. सुई अस्तरातून जाता कामा नये, नाहीतर अंगाला टोचते. टाका घट्ट हवा, पण कापड चुणता कामा नये. समोरच्या पट्टीवर दोऱ्याची घरं करायची, ती हुकाच्या बरोबर समोर. ब्लाऊजला सहा हुक. सरुबाई मधल्या वेळात बोलत होत्या. वांगी या वर्षी कडू निघतायत. डावा गुडघा गेला, उजवा जायच्या बेतात आहे. भाचीचा नवरा बरा आहे, पण जेवताना बोलत नाही, असल्या माणसाचं काही खरं नसतं. रझियाताई हं म्हणत होत्या.

सहावा हुक लागला. सरुबाईंनी ब्लाऊज उजेडात धरला, एकेक हुक अडकवून बघितला.

"चवथा खाली बसलाय. वर घे."

रझियाताईंनी ब्लाऊज घेतला. चौथा खरंच सूतभर खाली होता. त्यांनी टाके उसवले, पुन्हा लावला. सरुबाईंनी परत बघितला, घडी केली, पिशवीत घातला. आभार वगैरे काही नाही. पायरी उतरताना म्हणाल्या, "त्या पिशवीत परांजपीनीचाबी हाय निळा. ती लाजती मागायला. लावून ठेव."

त्या गेल्या आणि रझियाताईंना भूक लागली. नुसती नाही, कडकडून. शेजारच्या हॉटेलातून त्यांनी दोन सामोसे आणले आणि उभ्या उभ्या खाल्ले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की सुई हातात घेतल्यापासून आतापर्यंत दीर्घिका, सूर्य, धुळीचा कण यातलं एकही डोक्यात आलेलं नाही. पाऊण तास. महिन्याभरातला पहिलाच पाऊण तास. मग गुलजारभाई आठवले, चौथा हुक खाली बसला म्हणून त्यांनी कसा टोमणा मारला असता ते. मग त्या रडल्या. शटर अर्धं खाली ओढून, चांगल्या मोठ्याने. हे रडणं वेगळं होतं, असं त्या म्हणाल्या. मी कसं वेगळं ते विचारलं नाही. एकदा खरं बोलून मी शहाणी झाले होते.

दुकानात एकूण तेहतीस कपडे निघाले. जे कापूनच पडले होते ते त्यांनी माफी मागून परत केले. बाकीच्यांना रोज संध्याकाळी बसून काज, बटण, हुक. दिवसाला दोन, फार तर तीन. मुद्दाम सावकाश. परांजपेवहिनींचा निळा ब्लाऊज मिसबाने नेऊन दिला, कारण एक दिवस ती हडपसरहून अचानक आली आणि आईशेजारी बसली. तिला बटण लावता येत नव्हतं. रझियाताईंनी शिकवलं. तिचं पहिलं बटण एवढं घट्ट बसलं की काजात जाईचना. रझियाताईंनी ते उसवायला लावलं. चार वेळा. मिसबाने मला फोन करून तक्रार केली, "अम्मी परत पहिल्यासारखी झालीय. काही म्हणजे काही पसंत पडत नाही." आवाजात आनंद होता.

ऑगस्टमध्ये एका सकाळी रझियाताई प्रयोगशाळेत आल्या आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. गुडघे बरे आहेत."

त्या दिवशी सहावी ब होती. मी मागच्या रांगेत बसले, खरं सांगायचं तर पहारा द्यायला. फिल्म सुरू झाली. एकोणिसावं मिनिट आलं, दीर्घिका निघाल्या. दिवे लागले नाहीत. पण तो भारदस्त आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि 'कुणीच नाही'च्या जरा आधी पूर्ण बंद झाला. चित्र चालूच. अंधारातून रझियाताईंचा आवाज आला.

"तर हे सगळं एकमेकांपासून लांब चाललंय म्हणतात. जाऊ दे. फार हळू चाललंय, तुमचा गृहपाठ त्याच्या आत पूर्ण होईल. आता प्रत्येकाने एक करा. वर बघत राहा आणि हाताने आपल्या शर्टाची बटणं मोजा. वरून खाली. खाली बघायचं नाही."

थोडा वेळ नुसती खसखस आणि कापडाची सळसळ. डोक्यावर दोन लाख कोटी दीर्घिका गरगर फिरतायत आणि खाली पन्नासेक मुलं बटणं चाचपतायत.

"सात," कुणीतरी म्हणालं.

"माझी सहा. एक तुटलंय."

"कोण ते?"

"उत्कर्षा."

"कितवं तुटलंय, उत्कर्षा?"

"वरून चौथं."

"कधी?"

"मंगळवारी, लंगडी खेळताना."

"बरं. खेळ संपल्यावर थांब. सुईदोरा आहे माझ्याकडे."

मी अंधारात माझ्या कुर्त्याची बटणं मोजली. पाच होती. मला उगाचच बरं वाटलं.

हे असं पंधरा दिवस चाललं आणि मग एका पालकाचं पत्र आलं. मुलगा तारांगणातून घरी आला आणि विश्वाबद्दल विचारलं तर म्हणाला की ते जाऊ दे. देवस्थळीबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं.

"विश्वाच्या उत्पत्तीच्या वेळी तुम्ही मुलांना बटणं मोजायला लावता?"

"उत्पत्ती होऊन गेल्यावर लावते," रझियाताई म्हणाल्या. "उत्पत्ती पूर्ण दाखवते."

"पालकांचं म्हणणं आहे की हे अवैज्ञानिक आहे."

मी मध्ये पडले. म्हटलं, "मोजणं हे वैज्ञानिकच आहे, बाई. न बघता, स्पर्शाने. निरीक्षण कौशल्य."

देवस्थळीबाईंनी पालकाचं पत्र घडी करून बाजूला ठेवलं. त्या कडक आहेत, पण मठ्ठ नाहीत. आधीच्या महिन्यात त्यांनीही एकदा ती फिल्म शेवटपर्यंत पाहिली होती आणि नंतर दुपारभर केबिनमधून बाहेर आल्या नव्हत्या. त्यांनी वार्षिक नियोजनाची वही ओढली आणि लिहिलं: 'पूरक उपक्रम: निरीक्षण व गणन, नऊ मिनिटं.' खाली सही केली, शिक्का मारला आणि आम्हाला जायला सांगितलं.

रझियाताई पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. अजूनही एखाद्या दिवशी त्या हिरवं बटण दाबून जिन्यात येऊन बसतात आणि मुलांना मी बघते. हडपसरच्या चौदाव्या मजल्यावर जातात तेव्हा गॅलरीकडे पाठ करून जेवतात. दुकान त्यांनी एका टेलर-मास्तरांना चालवायला दिलं, अट एकच, काज-बटण स्वतःकडे.

या वर्षी फेब्रुवारीत एका संशोधन संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ शाळेत व्याख्यानाला आले होते. चांगले गृहस्थ, साठीचे. त्यांची तीस वर्षं एकाच दीर्घिकासमूहावर गेलेली. व्याख्यान झालं, मुलं गेली, चहा झाला, तरी ते घुमटाखालच्या खुर्चीत टेकून बसून होते. रझियाताई खुर्च्या पुसत त्यांच्या रांगेपर्यंत आल्या.

"तुम्ही रोज हे बघता," ते म्हणाले. "एकोणतीस वर्षं. कसं वाटतं तुम्हाला?"

मला वाटलं, आता काहीतरी ऐकायला मिळणार.

"मान दुखते," रझियाताई म्हणाल्या. "खुर्च्या चुकीच्या आहेत."

शास्त्रज्ञ सरळ बसले. "माझीपण. उजवीकडे, इथे. पंधरा वर्षं झाली. सगळे उपाय केले."

"तेल?"

"कुठलं?"

"तिळाचं. लसूण घालून गरम करायचं, कोमट झालं की खालून वर चोळायचं. वरून खाली नाही."

त्यांनी व्याख्यानाचा कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं. "लसूण किती?"

"पाच पाकळ्या. लाल होईपर्यंत." रझियाताईंनी फडकं दोरीवर टाकलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि पर्स खांद्याला लावली. खडकीची बस पाच वीसची होती. त्या दोन जिने उतरल्या असतील नसतील, तेवढ्यात शास्त्रज्ञ कठड्याशी जाऊन वाकले.

"अहो, पाकळ्या अख्ख्या की ठेचून?"

"ठेचून," खालून आवाज आला.

त्यांनी ते लिहून घेतलं.